रेसबॉक्स मिनी: अर्ध्या सेकंदाचा हिशेब, कोकणच्या हवेत

गोल्फ जीटीआय आणि नवी ऑक्टाव्हिया आरएस घ्या. इंजिन तेच दोन लिटर टर्बो, ताकद तीच २६५ पीएस, टॉर्क तोच ३७० न्यूटन मीटर, गिअरबॉक्सही सात गिअरचा डीएसजीच, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक. कंपनीच्या कागदावर शून्य ते शंभर मात्र एकीचं ५.९ सेकंद आणि दुसरीचं ६.४. हा अर्धा सेकंद रस्त्यावर खरोखर दिसतो का, हे स्पीडोमीटरकडे बघत मोबाइलच्या स्टॉपवॉचने ठरवता येत नाही. स्पीडोमीटर मुळातच जास्त दाखवायला बांधलेला असतो. युरोपातल्या आर३९ नियमाप्रमाणे तो खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू शकत नाही, पण दहा टक्के अधिक चार किलोमीटर इतका जास्त दाखवू शकतो. म्हणजे काटा शंभरवर आला तेव्हा गाडी ९४ वर असू शकते, आणि प्रत्येक गाडीत हा फरक वेगळा.

म्हणून जीपीएस डेटा लॉगर. रेसबॉक्स मिनी ही काड्यापेटीच्या जातीची डबी आहे. सेकंदाला २५ वेळा वेग आणि जागा नोंदवते, आत अ‍ॅक्सिलरोमीटर आणि जायरो (प्रवेग आणि वळण मोजणारे सेन्सर) आहेत, ब्लूटूथने मोबाइलला जोडते, यूएसबी-सीने चार्ज होते. मिनी आणि मिनी एस यांतला महत्त्वाचा फरक एकच: एसमध्ये स्वतःची मेमरी आहे, साध्या मिनीला नोंद ठेवायला मोबाइल जवळ लागतोच. दोन गाड्यांची तुलना करायची असेल तर साधी मिनी पुरते. निकाल आधीच सांगायचा तर यंत्र उत्तम आहे. पण कोकणात ते नीट बसवलं नाही, जागा नीट निवडली नाही, तर हाच अर्धा सेकंद ते सहज गिळून टाकतं, आणि दोष यंत्राचा नसतो.

हे यंत्र वेग कसा काढतं ते आधी समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. दोन जागांमधलं अंतर भागिले वेळ असा हा हिशेब नाही. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरींची वारंवारता गाडीच्या हालचालीमुळे किंचित बदलते, त्या डॉप्लर फरकावरून वेग निघतो. म्हणून जागा दोन मीटर चुकली तरी वेग बिनचूक येऊ शकतो. आपल्याकडे गगन या भारतीय यंत्रणेच्या उपग्रहांकडून जीपीएसच्या दुरुस्तीचे संदेशही मिळतात, पण त्यांचा मुख्य फायदा जागेला होतो. लॅप टायमिंग करणाऱ्याला ते महत्त्वाचं. शून्य ते शंभर मोजणाऱ्याला महत्त्वाचं म्हणजे मोकळं आभाळ.

आणि मोकळं आभाळ कोकणात दिसतं तितकं स्वस्त नाही. माडाच्या आणि पोफळीच्या वाडीतून जाणारा रस्ता, आंब्याची दाट कमान, एका बाजूला डोंगराची कापलेली दरड, शेजारी पत्र्याची मोठी शेड किंवा उभे कंटेनर: यांतलं काहीही सिग्नल अडवतं किंवा परावर्तित करून उशिरा पोचवतं. आलेख काढला की हे लगेच कळतं. सुरळीत चढणाऱ्या वेगाच्या रेषेला मध्येच दात फुटतात, किंवा एका क्षणात चार किलोमीटरची उडी दिसते. एवढ्या वेळात कुठलीही गाडी तेवढा वेग घेत नाही. २५ हर्ट्झ म्हणजे दोन नोंदींत ०.०४ सेकंद, आणि अर्ध्या जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या, जोरदार प्रवेगातही तेवढ्या वेळात वेग वाढतो फक्त ०.७ किलोमीटर. याहून मोठी उडी दिसली की ती फेरी बाद.

सर्वांत चांगली जागा म्हणजे सडा. रत्नागिरी, राजापूर, देवगडकडे जांभ्याचे सपाट सडे आहेत, क्षितिजापर्यंत अडथळा नाही. पण उघड्या कातळावर गाडी घालायची नाही. याच कातळांवर कातळशिल्पं आहेत, २०२२ पासून ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, आणि अनेक ठिकाणी त्यांना साधं कुंपणही नाही. गवत वाढलं की पायाखालचं शिल्पसुद्धा दिसत नाही, टायरखालचं तर नाहीच. सड्यावरच्या एखाद्या खासगी आवारातला सरळ डांबरी रस्ता मालकाची परवानगी घेऊन आणि दोन्ही टोकांना माणूस उभा करून वापरायचा. सार्वजनिक रस्त्यावर, मग तो पहाटेचा रिकामा चौपदरी का असेना, वेगाची चाचणी हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. तिथे वळणावरून गुरं येतात, माणसं पायी येतात. यात तडजोड नको.

लांबी किती हवी? सहा सेकंदांत शंभर गाठणारी गाडी तेवढ्यात नव्वद-पंचाण्णव मीटर जाते. शांतपणे थांबायला आणखी दीडशे मीटर धरा, आणि चूक झाली तर शिल्लक म्हणून तेवढंच. चारशे मीटर सरळ रस्ता ही किमान मर्यादा. पाव मैल मोजायचा असेल तर ४०२ मीटर धावण्यालाच गेले, पुढे १६० च्या वेगावरून थांबायचं आहे, म्हणून आठशे मीटरच्या खाली विचारच नको. एवढं मिळत नसेल तर शून्य ते शंभरवर समाधान माना, किंवा घाट चढून अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या ड्रॅग शर्यतीत नाव नोंदवा.

आता उतार. डोळ्याला सपाट दिसणारा रस्ता सपाट नसतो. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून आपल्याकडे तर मुद्दाम उतार ठेवलेला असतो. एक टक्का उतार म्हणजे शंभर मीटरला एक मीटर, आणि त्याने गाडीला दर सेकंदाला ०.०९८ मीटर प्रति सेकंद इतका फुकटचा धक्का मिळतो. सहा सेकंदांच्या गाडीचा सरासरी प्रवेग ४.६ असतो, म्हणजे साधारण दोन टक्के फायदा, ०.१३ सेकंद. एक गाडी उताराला आणि दुसरी चढाला धावली तर फरक झाला पाव सेकंदाहून जास्त. आपण शोधतोय तो अर्धा सेकंद. त्यातला निम्मा रस्त्यानेच खाल्ला!

अ‍ॅप उतार दाखवतं, पण जीपीएसची उंची आडव्या जागेपेक्षा नेहमी कच्ची असते, त्यामुळे तो आकडा अंदाज म्हणून घ्यावा. गवंड्याकडची पाण्याची पारदर्शक नळी वीस-वीस मीटरच्या टप्प्याने लावली तर तासाभरात शंभर मीटरचा उतार सेंटिमीटरमध्ये कळतो. नळीत हवेचा बुडबुडा राहिला नाही एवढं बघा. आणि मापलं नाही तरी प्रत्येक गाडी दोन्ही दिशांना पळवून सरासरी घ्या, उतार जवळजवळ पूर्ण कटतो. एका दिशेचे आकडे घेऊन तुलना करणाऱ्याच्या आकड्यांवर आम्ही तरी विश्वास ठेवत नाही.

दुसरी मोठी गफलत रोलआउटची. अमेरिकन मासिकं ड्रॅग स्ट्रिपच्या प्रथेप्रमाणे गाडी पहिला एक फूट, म्हणजे ३०.५ सेंटिमीटर, सरकल्यावर घड्याळ सुरू करतात. अर्ध्या जीने सुटणाऱ्या गाडीला हा फूट पार करायला ०.३५ सेकंद लागतात, आणि तोवर तिचा वेग सहा किलोमीटरवर पोचलेला असतो. म्हणजे तो खरं तर सहा ते शंभरचा वेळ. रेसबॉक्सच्या अ‍ॅपमध्ये हा पर्याय चालू-बंद करता येतो. कुठलाही ठेवा, पण दोन्ही गाड्यांना एकच ठेवा आणि आकड्याशेजारी लिहा. व्हिडिओत कुणी कंपनीपेक्षा पाव-अर्धा सेकंद चांगला आकडा दाखवला की आधी हाच प्रश्न विचारायचा.

बसवण्याची रीत. घरी वायफायवर फर्मवेअर आणि अ‍ॅप अद्ययावत करा, सड्यावर रेंजचा भरवसा नाही. पहिल्यांदा वापरताना डबी उघड्या आभाळाखाली पंधरा मिनिटं नुसती ठेवून द्या. जीपीएसचं पूर्ण अल्मनॅक, म्हणजे उपग्रहांच्या कक्षांची यादी, उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. नंतर रोजच्या वापराला मिनिट-दोन मिनिटं पुरतात. डबी डॅशबोर्डच्या मध्यभागी, काचेच्या शक्य तितकी जवळ, सपाट आणि घट्ट बसवा. जेल पॅड वापरत असाल तर कोकणातला चिकट घाम, धूळ आणि डॅशबोर्डचं पॉलिश यांवर ते धरत नाही. आधी ओल्या फडक्याने आणि मग कोरड्याने पुसून घ्या. डबी एक अंश जरी कललेली राहिली तर अ‍ॅक्सिलरोमीटरच्या आकड्यात गुरुत्वाकर्षण मिसळतं, म्हणून सपाट जागी गाडी उभी करून कॅलिब्रेशन करा, आणि डबीला हात लागला की पुन्हा करा.

काही महाग गाड्यांच्या पुढच्या काचेवर उष्णता रोखणारा धातूचा पातळ थर असतो. त्या काचेआड उपग्रहांची संख्या बरीच घटते. आरशामागे ठिपक्यांचा पट्टा असतो, फास्टॅगही तिथेच लावायला सांगतात, कारण तेवढ्या जागी बहुधा थर नसतो. नाहीतर डबी छतावर न्या. चुंबकी बैठक वापरायची असेल तर आधी छत लोखंडी आहे का ते पाहा. अ‍ॅल्युमिनियमवर आणि काचेच्या छतावर चुंबक बसत नाही. फेरी सुरू करण्याआधी अ‍ॅपमध्ये किमान बारा-पंधरा उपग्रह आणि एचडीओपी (जागेतल्या संभाव्य चुकीचा निर्देशांक, जितका कमी तितका चांगला) एकच्या खाली हवा. दोन्ही गाड्यांत डबी त्याच जागी, तोच मोबाइल, त्याच सेटिंग.

मोबाइलकडे दुर्लक्ष होतं आणि निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. बॅटरी बचत बंद करा, अ‍ॅपला पार्श्वभूमीत चालायची परवानगी द्या, नाहीतर पडदा काळा झाला की अ‍ॅप झोपतं आणि नोंदीत भोक पडतं. मोबाइल डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका, तो तापला की स्वतःचा वेग कमी करतो. आणि लोकेशनचा स्रोत खरोखर रेसबॉक्सच आहे ना, हे एकदा तपासा. ब्लूटूथ तुटलं तर काही अ‍ॅप गुपचूप मोबाइलच्या जीपीएसवर जातात. त्याच्या नोंदी सेकंदाला एक, आलेखात पायऱ्या दिसल्या की समजा हेच झालं.

फक्त वेळ हवा असेल तर रेसबॉक्सचं स्वतःचं अ‍ॅप पुरतं. गाडी का मंदावली हे शोधायचं असेल तर रेसक्रोनो प्रो घ्या, त्यात रेसबॉक्सबरोबर ओबीडी डोंगलही (गाडीच्या तपासणी सॉकेटमधून इंजिनचे आकडे वाचणारं) एकाच नोंदीत जोडता येतं. इथे हाव धरू नका. ईएलएम३२७ जातीचं डोंगल एकेक प्रश्न विचारून एकेक उत्तर आणतं; दहा गोष्टी मागितल्या तर प्रत्येक गोष्ट सेकंदाला जेमतेम एकदा येते. तीनच मागा: इंजिनचे फेरे, थ्रॉटल आणि इनटेक हवेचं तापमान. ओबीडीचा वेग मागूच नका. तो पूर्ण किलोमीटरमध्ये येतो, दशांश नाही, आणि टायरवर अवलंबून असतो. २२५/४० आर१८ टायरची आठ मिलिमीटरची नक्षी झिजून तीनवर आली की व्यास दीड टक्क्याने घटतो, आणि तेवढाच वेग खोटा वाढतो. ओबीडीचे आकडे जीपीएसपेक्षा थोडे उशिरा पोचतात हेही लक्षात ठेवा. गिअर बदलताना फेरे कोसळतात तो बिंदू आणि प्रवेगाच्या रेषेतली खाच एकमेकांवर सरकवून जुळवा. काम झालं की डोंगल काढून ठेवा, गाडी आठवडाभर उभी राहिली तर ते बॅटरी चाटून घेतं.

आता हवा, ज्याचा इथे सर्वांत जास्त फरक पडतो. जानेवारीच्या सकाळी २० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेला समुद्रसपाटीवर एका घनमीटर हवेचं वजन सुमारे १.२० किलो भरतं. मे महिन्यात ३२ अंश आणि ७५ टक्क्यांना तेच १.१४ वर येतं. पाच टक्के हवा गेली, आणि त्या हवेतली बाष्पाची जागा धरली तर ऑक्सिजन सहा टक्क्यांहून जास्त गेला. मे महिन्यातलं मालवण गाडीच्या दृष्टीने प्रमाण हवामानातल्या साडेसातशे मीटर उंचीच्या गावासारखं असतं. टर्बो नसलेल्या इंजिनला हा तोटा जवळजवळ पूर्ण सोसावा लागतो. टर्बो बराचसा भरून काढतो, पण टर्बोतून आलेली हवा गार करणारा इंटरकूलर तापला की तोही हरतो. म्हणून एक गाडी जानेवारीत आणि दुसरी मे महिन्यात मोजून तुलना करणं व्यर्थ. एकाच दिवशी, एकाच तासात, आलटून पालटून: पहिली गाडी, दुसरी, पुन्हा पहिली. पहिलीचे दोन्ही वेळचे आकडे ०.१ सेकंदाच्या आत जुळले नाहीत तर मधल्या काळात काहीतरी बदललं, आणि तुलना पुन्हा करायची. दोन फेऱ्यांत किमान पाच-सात मिनिटं गाडी सावकाश फिरवा. इनटेकचं तापमान पहिल्या फेरीच्या तीन-चार अंशांत परतलं की पुढची फेरी.

वेळ कुठली? मतलई वारा पडलेला आणि खारा वारा अजून सुटलेला नाही, ती सकाळची मधली शांतता. ताशी १८ किलोमीटरचा समोरचा वारा शंभरच्या वेगाला हवेचा विरोध जवळपास चाळीस टक्क्यांनी वाढवतो. अगदी पहाटे मात्र नको. हिवाळ्यात डांबरावर दव असतं आणि पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाड्या सुटतानाच चाकं फिरवतात. आठ ते दहा हा उत्तम काळ. सूर्यास्तानंतर आपल्या अक्षांशांवर आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, खवळतं, विशेषतः मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास, आणि उपग्रह मधूनच सुटतात. रात्रीच्या नोंदींवर म्हणून भरवसा ठेवू नका.

सुटताना गाडी तीन ते पाच सेकंद पूर्ण स्थिर हवी. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक अर्धवट असेल तर गाडी पुढे रांगते आणि घड्याळ आधीच सुरू होतं. मॅन्युअल गिअरची गाडी थोडी मागे सरकली तरी तेच. दोन्ही गाड्यांत माणसं आणि इंधन सारखं ठेवा. साडेचौदाशे किलोच्या गाडीत साठ किलोचा माणूस वाढला की चार टक्के वजन वाढलं. टायरचा दाब गार असताना, एकाच गेजने.

निकाल अ‍ॅपमधून वाचण्यापेक्षा सीएसव्ही, म्हणजे कच्च्या नोंदींची फाइल, काढून स्प्रेडशीटमध्ये बघणं केव्हाही चांगलं. शंभर हा आकडा नेमका नोंदीत येत नाही. ७.२८ सेकंदाला ९९.७३ आणि ७.३२ ला १००.०९ असेल, तर ०.३६ पैकी ०.२७ वाटचाल झाल्यावर शंभर आले, म्हणजे ७.३१ सेकंद. यंत्र शतांश दाखवतं म्हणून शतांशावर भांडू नका. दोन्ही दिशांच्या तीन-तीन फेऱ्यांची सरासरी आणि त्यांतला सर्वांत मोठा-लहान आकडा, एवढं लिहा. त्याशेजारी ६० ते १०० चा वेळही लिहाच. सुटतानाचं कसब, दव, रोलआउट या सगळ्यांतून तो मोकळा असतो, आणि इंजिन-इंजिनातला फरक त्यात जास्त खरा दिसतो. आमच्या मते तुलनेसाठी हाच मुख्य आकडा.

इतर पर्यायांचं थोडक्यात. ड्रॅगीचं जुनं १० हर्ट्झचं यंत्र शून्य ते शंभरला चालतं, पण गिअर बदलताना काय झालं ते त्याच्या आलेखात पुसट दिसतं. व्हीबॉक्स स्पोर्ट २० हर्ट्झचा, मोबाइलशिवाय कार्डावर नोंद करणारा, किमतीने बराच वर. फक्त दोन-तीन गाड्या मोजणाऱ्याने तो घेऊ नये. नियमित ट्रॅकवर जाणाऱ्याने जरूर विचार करावा.

आणि सांभाळ. खाऱ्या हवेत यूएसबी-सीचं तोंड वर्षभरात हिरवं पडू शकतं. वापर झाला की कोरड्या फडक्याने पुसून झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह ठेवा. पुड्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद गरम करून पुन्हा वापरा. तोंड दमट वाटत असताना चार्जिंगला लावू नका. उन्हात बंद गाडीत डॅशबोर्डवर सोडून जाऊ नका, आतली लिथियम बॅटरी तेवढी उष्णता सोसत नाही. जून ते सप्टेंबर चाचण्या बंदच असतात. तेव्हा बॅटरी निम्मी भरून ठेवा आणि महिन्यातून एकदा बघा. चाचण्या पुन्हा सुरू करताना पहिल्या दिवशी तीच पंधरा मिनिटं उघड्या आभाळाखाली.